एक हजार नऊ पत्रावळी

एका जंगलात, मुलांनो, वर्षातून एकदा नदीकाठी पंगत बसायची. एकच, लांबच लांब. त्या दिवशी कुणी कुणाला खायचं नाही, एवढाच काय तो नियम. वाघ सशाला आग्रह करकरून खीर वाढायचा. सशाच्या घशाखाली ती उतरत नसे, ही गोष्ट वेगळी.

साळिंदर यमूमावशी या दिवसाची वर्षभर वाट बघायची. एरवी तिच्याजवळ कोण बसणार? काटे ना अंगभर! पण पंगतीला ती काट्यांना तेल लावून ते चापूनचोपून बसवायची, आणि अगदी टोकाला का होईना, चारचौघांत जेवायची.

यंदा सिंहमहाराजांनी बगळ्याला नियोजन अधिकारी नेमलं होतं. तो म्हणाला, "एकच पंगत? शोभतं का आपल्याला? जास्त पंगती हव्यात, आणि सगळ्या सारख्या. मोजा!"

मोजले. एक हजार नऊ.

दोन पंगती मांडल्या, एक पत्रावळ उरली. तीन मांडल्या, एक उरली. चार, सात, आठ, नऊ... दरवेळी आपली एक उरायचीच. आणि टोकाला कोण? यमूमावशी.

वाढपी अस्वल वैतागलं. "अहो मावशी, खीर निवली! घुसा की कुठंतरी."

"घुसते रे बाबा. मग टोचलं म्हणून बोंबलायचं नाही!"

म्हातारं कासव म्हणालं, "महाराज, हा आकडाच तसला. मूळ संख्या म्हणतात याला. फोडायला गेलं की सारखे वाटे पडतच नाहीत. मावशीच्या जागी मला बसवा, मी उरेन."

"आकड्याला कसला आलाय दोष?" बगळा म्हणाला. "दोष उरणाऱ्याचा."

मावशी हात जोडून म्हणाली, "महाराज, दरवर्षीसारखी एकच पंगत घाला ना. मावतो की सगळे."

"मग महाराजांची पंगत कुठली ते कळणार कसं?" बगळ्यानं विचारलं.

हे महाराजांना पटलं. मावशीची रवानगी नदीपलीकडे झाली.

उरले एक हजार आठ. काय गुणी आकडा! कसाही तोडा, तुटतो. आधी दोन पंगती झाल्या. मग लांब शेपटीवाल्यांनी वेगळी मागितली, म्हणून चार. मग मानापमान निघाले, म्हणून आठ. या पंगतीची खीर त्या पंगतीला चालेना. शेवटी प्रत्येकानं आपापली पत्रावळ उचलली आणि दुसऱ्याकडे पाठ करून बसला. महाराजांना वाढायलाही कुणी उरलं नाही. अस्वल स्वतःच्या पंगतीचं अध्यक्ष झालं होतं.

पलीकडून मावशी ओरडली, "महाराज, आता तरी येऊ का?"

बगळ्यानं हिशोब केला. "येऊ द्या, महाराज. एक हजार नऊ पंगती, दर पंगतीत एक. तंतोतंत बसतं!"

मावशी धावत पळत आली. पत्रावळ मांडली. डावीकडे पाहिलं, पाठ. उजवीकडे पाहिलं, पाठ. "खीर छान झालीय हं," ती म्हणाली.

कुणाला, ते तिलाही कळलं नाही.

तात्पर्य: सगळ्यांना सामावून घेणं मुळीच अवघड नाही. फक्त कुणी कुणाशेजारी बसायचं नाही.