फेरमोजणी

मजूर न बोलावता स्ट्रॉबेरीतली हरळी आपणच मारायची, असं हेडक्लार्कसाहेबांनी चहाचा कप विसळता विसळता ठरवलं आणि तिथेच सगळं बिघडलं. (त्यापेक्षा कप नीट विसळला असता तर बरं झालं असतं, असं त्यांच्या बायकोचं मत आहे.)

साहेबांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. ऑफिसात त्यांच्या सहीशिवाय पान हलत नसे. घरात मात्र त्यांच्यावाचून कुणाचंच अडत नव्हतं आणि हे त्यांच्या मनाला फार लागायचं. शेत बायकोचं. नऊ वर्षं खपून, निवडून निवडून तिने स्वतःचं असं एक वाण तयार केलं होतं. घरामागच्या दोन ओळींत त्याची अठ्ठेचाळीस मूळ रोपं होती आणि पुढच्या वर्षीचं सगळं शेत त्यांना फुटणाऱ्या रोपांतूनच उभं राहायचं होतं. त्या ओळींत ती नवऱ्याला पाऊल ठेवू देत नसे. पण यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती पुढच्या खोलीतल्या खाटेला खिळली आणि नेमकी तेव्हाच हरळी माजली. उपटावी तर मुळं आत तुटून राहतात आणि एकीच्या चार होतात.

"फवारा मारायचा नाही," तिने बजावलं. "रबरी हातमोज्यावर कापडी हातमोजा चढवा, तणनाशकात बुडवून पिळा आणि फक्त हरळीच्या पानांवरून हात फिरवा. दुसऱ्या कशाला लागू देऊ नका."

साहेबांनी हे सगळं कागदावर लिहून घेतलं आणि खाली तारीख घातली.

काम त्यांनी खरंच झकास केलं. आभाळ कोंदलेलं, कंबरेचा काटा ढिला झालेला, तरी गुडघ्यावर सरकत सरकत हरळीचं पान न् पान पुसलं. किती महिन्यांनी आपला कुणाला तरी उपयोग होतोय, या विचाराने त्यांना भरून आलं. शेवटी ते उठले. आता फक्त हातमोजे काढायचे राहिले होते.

पण चौतीस वर्षांची सवय आडवी आली. कपाट बंद करण्यापूर्वी ते फायली मोजत, त्याही प्रत्येकीवर हात ठेवून. नुसत्या नजरेने मोजणाऱ्यांवर त्यांचा कधीच भरवसा नव्हता. त्यांनी रोपं मोजली. एकेकाच्या डोक्यावर मायेने हात टेकवत शेवटपर्यंत गेले. भरली सत्तेचाळीस. मग फेरमोजणी केली, सावकाश, नीट दाबून. अठ्ठेचाळीस. (पहिल्या खेपेला एखादं चुकून वाचलं असेल, तर तेही आता सुटलं नाही.)

आत जाऊन त्यांनी सगळी रोपं जागेवर असल्याचं सांगितलं.

"जमलं की तुम्हाला," ती हसून म्हणाली. हे एवढंसं वाक्य त्यांनी पुढचा आठवडाभर पुरवून पुरवून आठवलं.

औषध हळूहळू मुळापर्यंत उतरतं, असं दुकानदाराने सांगितलं होतं. आठव्या दिवशी हरळी पिवळी पडली. दहाव्या दिवशी रोपंही. वॉकर टेकत बायको पहिल्यांदाच मागे आली. दोन्ही ओळींतलं प्रत्येक रोप अगदी मधल्या कोंबापासून वाळत चाललं होतं.

"काय केलंत?"

"मोजली गं."

"हातमोज्यासकट?"

साहेबांनी मान खाली घातली. "दोनदा," ते म्हणाले. खोटा रिपोर्ट त्यांनी जन्मात कधी दिला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात राहिलेल्या मुळांतून हरळी पुन्हा फुटली, कोवळी, हिरवीगार. रोपांतलं एकही फुटलं नाही. त्या संध्याकाळी बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि रडत होती. तिची नऊ वर्षं आपण एका सकाळीत घालवली, याची साहेबांना फार लाज वाटली. निदान तिच्या डोक्यावरून हात फिरवावा, म्हणून त्यांनी हळूच हात पुढे केला.

"मला मोजू नका," ती भिंतीकडे बघतच म्हणाली.