पेंग्विनची तालीम

शनिवारी सकाळी तात्यारावांनी शिट्टी फुंकली आणि पुण्यात विश्रांतवाडीतल्या दुसऱ्या मजल्यावरचं अख्खं कुटुंब बॅगा उचलून मुंबईला निघालं. मुंबईला खरं तर पुढच्या शनिवारी जायचं होतं. ही तालीम होती.

तात्यारावांची सगळी नोकरी अग्निशमन दलात गेली आणि निवृत्त झाल्यावर ते आग सोडून बाकी सगळ्याची तालीम घरात घेऊ लागले. आम्रपालीच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या लग्नाचीही त्यांनी आदल्या दिवशी हॉलवर तालीम घेतली होती. नवरदेवाच्या जागी मंडपवाला उभा केला होता. "तो वेळेवर आला होता," असं ते जावयासमोर अजूनही सांगत.

"बाबा, मुंबई तीन तासांवर आहे. लोक रोज जाऊन येतात," आम्रपाली जिना उतरताना म्हणाली. सुट्टीच्या बदल्यात ऑफिसने तिला इतकं काम दिलं होतं, की तालमीतही लॅपटॉप तिच्या काखेत होता.

"म्हणूनच बेसावध असतात. चेतनराव, बॅग उजव्या हातात. डावा कठड्याला."

जावयाने, चेतनने, हात बदलला. मुली, उत्कर्षा आणि अपूर्वा, आजोबांच्या मागे पाय आपटत चालल्या होत्या. खाली मुक्ताकाकूंकडे किल्ली द्यायची होती. ती देताना तात्याराव गंभीरपणे म्हणाले, "मंगळवारी येतो. कुंड्यांना पाणी घाला." ही तालीम आहे हे त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यात काकूंचीही तालीम होती.

चौकापर्यंत जाऊन, एक बस ठरल्याप्रमाणे सोडून, मंडळी घामाघूम होऊन परतली. काकूंच्या दाराला कुलूप होतं. आम्रपालीने फोन लावला.

"अगं, मी सोलापूरच्या बसमध्ये आहे! तुम्ही मुंबईला, मग मी एकटी काय करू? भाचीकडे निघाले. उद्या येते."

"काकू, आम्ही दारात उभे आहोत."

"कुणाच्या?"

"आमच्याच. किल्ली कुठेय?"

"अगं बाई, पर्समध्ये. म्हटलं, जपून ठेवावी."

"दुसरी किल्ली?" चेतनने सासऱ्यांना विचारलं.

"सुरक्षित आहे. आतल्या कपाटात."

कुलूपवाला आला, अर्धा तास झटला आणि हात पुसत उठला. "काका, असलं कुलूप आणलं तरी कुठून?" तात्यारावांची छाती फुगली. आम्रपालीने कपाळाला हात लावला.

"बाबा, तुम्ही आयुष्यभर दारं फोडलीत," चेतन म्हणाला.

"दुसऱ्यांची. तीही आग लागली तर."

"आई, काडेपेटी आहे का?" उत्कर्षाने विचारलं.

शेवटी तात्यारावांनी पुन्हा शिट्टी फुंकली. तालीम पुढे चालू ठेवायची होती आणि तालमीत आता मुक्कामच यायचा होता. आळंदी रस्त्यावरच्या लॉजच्या मॅनेजरने रजिस्टर उघडलं.

"कुठून आलात?"

"विश्रांतवाडी."

"ते झालंच. त्याच्या आधी कुठून?"

"विश्रांतवाडी. ती निळी टाकी दिसते का? तिच्याखालचा फ्लॅट."

"मग इथे कशाला आलात?"

"सहलीला," तात्याराव म्हणाले. मॅनेजरने आधी त्यांच्याकडे, मग बॅगांकडे पाहिलं आणि भाडं आगाऊ घेतलं.

मुंबईच्या कार्यक्रमात चैत्यभूमी, समुद्र आणि राणीच्या बागेतले पेंग्विन होते. चैत्यभूमीची तालीम घ्यायची नसते, तिथे खरंच जायचं, असं तात्यारावांनी बजावलं. समुद्र खिडकीतून दिसत होता. रस्त्यावर लाटांसारखे ट्रकमागून ट्रक गर्जत येत होते. राहिले पेंग्विन. तात्यारावांनी पांढऱ्या बनियनवर फायर ब्रिगेडमधला काळा रेनकोट चढवला, बटणं उघडी टाकली, हात अंगाला चिकटवले आणि पावलं फाकवून ते लॉजच्या पॅसेजमध्ये डुलत चालू लागले. अपूर्वाने मासा म्हणून केळ्याचा वेफर उडवला. त्यांनी तो वरच्या वर तोंडात झेलला.

"अहो काका, काय चाललंय?" मॅनेजर धावत आला.

"शू! त्यांची खायची वेळ आहे," उत्कर्षा म्हणाली. मॅनेजर भिंतीला चिकटून उभा राहिला आणि पेंग्विन त्याच्यासमोरून दिमाखात गेला.

आम्रपाली खोलीत पलंगावर लॅपटॉप घेऊन बसली होती. तात्याराव धापा टाकत दारात आले.

"आमू, कशी झाली तालीम?"

हा प्रश्न ते प्रत्येक तालमीनंतर विचारत. दलात साहेब शेरा देत असत. घरात लेकीने द्यावा, एवढीच त्यांची इच्छा असे. लग्नाच्या तालमीलाही तिने तो दिला नव्हता.

"बाबा, पुरे आता," ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली.

"बरं," म्हणून त्यांनी रेनकोट काढला, झटकला आणि खुंटीला नीट टांगला.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या, दार उघडलं. सोमवारी सकाळी चहाचा कप हातात असतानाच तात्याराव गेले. त्याची मात्र त्यांनी कुठलीच तालीम घेतली नव्हती.

मुंबई मग दिवाळीच्या सुट्टीत झाली. मुलींनी हट्टच धरला. निघताना आम्रपालीने किल्ली पुढे केली, तेव्हा मुक्ताकाकूंनी हात मागेच ठेवला. "खरं, का तालीम?" त्यांनी विचारलं, आणि मग किल्ली घेऊन ती पर्सऐवजी खिळ्याला अडकवली.

चैत्यभूमी झाली, समुद्र झाला. राणीच्या बागेत रांग लावून सगळे काचेसमोर पोचले. पेंग्विन होते. सगळेच्या सगळे पाठ करून उभे होते.

"चालत का नाहीत?" उत्कर्षाने विचारलं.

"ह्यांची तालीमच झालेली नाही," अपूर्वा म्हणाली. "आजोबांना जास्त येत होतं."

"पुढे चला, पुढे चला," रखवालदार ओरडत होता. चेतन मुलींना घेऊन पुढे सरकला. आम्रपाली तिथेच राहिली. एक पेंग्विन वळला, दोन पावलं डुलत आला आणि काचेपाशी थांबून तिच्याकडे बघू लागला, जणू काही विचारायचं राहिलं होतं.

"ओ मॅडम, मागे रांग आहे. काय हवंय त्याच्याकडून?"

आम्रपालीने काचेला हात लावला. मागच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "छान झाली, बाबा. सगळ्या तालमी छान झाल्या."