मातोश्रींची तब्येत उत्तम आहे

महामंत्री पेई यांच्या मातोश्रींनी त्या वर्षी वयाची एकशे सहा वर्षं पूर्ण केली आणि त्यांच्या तब्येतीत कोणताही फरक पडला नाही. तसं पत्रक दर महिन्याला दरबारातून निघत असे.

यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. दरबारातल्या जवळजवळ सगळ्याच अधिकाऱ्यांचे आईवडील ठणठणीत होते. राज्याचा नियमच तसा होता. अधिकाऱ्याची आई किंवा वडील वारले, की त्यानं त्याच दिवशी टोपी आणि शिक्का जमा करायचा, तागाचे जाडेभरडे कपडे घालायचे आणि गावी थडग्याशेजारी झोपडी बांधून तीन वर्षं पेज पीत रडायचं. तीन वर्षांनी परत यावं, तर आपल्या खुर्चीवर दुसराच कुणीतरी बसलेला असे आणि त्याचे वडील काही केल्या मरत नसत. नियमाची अंमलबजावणी कडक झाली, तसं अधिकाऱ्यांच्या घरी कुणी मरेनासं झालं. मातृपितृभक्तीनं आयुष्य वाढतं, असा शोध राजवैद्यांनी लावला. त्याबद्दल त्यांना पालखी मिळाली.

दक्षिण दरवाज्याजवळच्या बाजारात राहणाऱ्या फान मूच्या घरी मात्र कुणीतरी मेलं होतं.

फान मू गरीब विद्वान होता. राज्याच्या परीक्षेत तो दर वेळी नापास होई, कारण विचारलेल्या प्रश्नाचं तो उत्तर लिहायचा. पोटासाठी तो लोकांना पत्रं लिहून देई आणि हरवलेल्या गोष्टींचा तपास लावी. बहुतेक वेळा बदकांचा, कधीकधी नवऱ्यांचा. बदक हरवलं की लोक लगेच येत. नवऱ्याच्या बाबतीत आठवडाभर वाट बघत.

त्याची बायको सूनियांग वसंतात तापानं गेली. "मला गावी ने. माझ्या आईशेजारी ठेव," एवढंच ती शेवटी म्हणाली. फाननं शवपेटी करून घेतली, देवळामागच्या पडवीत ठेवली आणि ती शहराबाहेर न्यायचा परवाना मागायला तो मरणाधरणाचे संस्कार बघणाऱ्या विधी खात्यात गेला. उन्हाळा संपत आला तरी तो जातच होता.

"परवाना देता येत नाही," कारकून म्हणे.

"का?"

"राजधानीत कुणी मेल्याची नोंद नाही."

"अहो, मी सांगतो ना. माझी बायको मेली."

"एकटीच?" कारकून संशयानं विचारी.

मग एक दिवस खात्याचे मंत्री शुए यांनी फानला स्वतः आत बोलावलं. दार लावून घेतलं. खिडकीही लावली.

"तूच ना तो बदकंवाला?"

"हो, महाराज."

"महामंत्र्यांची आई जिवंत आहे की मेली, ते शोधून काढ. मेली असेल तर पेईला टोपी उतरवून गावी जावं लागेल. पुढचा महामंत्री कोण, ते मग मी बघतो."

"आणि माझा परवाना?"

"त्याच दिवशी. माझ्या हातानं शिक्का मारीन."

"पण महाराज, आपल्याकडे एवढे हेर आहेत."

"ते पगारी आहेत. त्यांच्या डोक्यावर साहेब आहे आणि साहेबाला आई आहे. तू कुणीच नाहीस. या कामाला कुणीच नसलेला माणूस लागतो."

फाननं वाकून नमस्कार केला. त्याच्या पात्रतेला शोभणारं काम आयुष्यात पहिल्यांदाच निघालं होतं.

मातोश्रींच्या वाढदिवसाला पेईंच्या वाड्यात अधिकाऱ्यांची रांग लागली होती. फान शेवटी उभा राहिला. समोर लाल रेशमी पडदा होता आणि पडद्यामागे मातोश्री. दीर्घायुष्याच्या लांबलचक शेवयांचा वाडगा आत जाई आणि रिकामा बाहेर येई. अधूनमधून खोकला ऐकू येई, की सगळी रांग एकदम गुडघ्यावर बसे.

पेई पडद्यापुढे उभे राहिले. साठी उलटलेला, गोल चेहऱ्याचा माणूस. "आई," ते म्हणाले, "राज्य उत्तम चाललं आहे. धान्य भरपूर आहे. उत्तरेची सीमा शांत आहे. माझ्या निर्णयांवर सगळी प्रजा खूश आहे. माझं काही चुकलं असं मला तरी आठवत नाही."

फाननं कान टवकारले. मुलगा आईसमोर इतकं सगळं सलग बोलला आणि त्याला कुणी मध्ये तोडलं नाही. त्याच्या घरात तर सूनियांगनं त्याला जन्मात एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. आणि ती नुसती बायको होती.

तरी खात्री करून घ्यावी, म्हणून आपली पाळी आल्यावर तो डोकं टेकवून म्हणाला, "मातोश्री, आपला मुलगा फार वाळलाय हो. सूनबाई नीट खायला घालत नाहीत वाटतं."

पडद्यामागून एक खोकला आला. त्यापुढे काही नाही.

हे ऐकून गप्प बसणारी जिवंत आई राज्यात कुठे सापडली नसती. एक सोडून नऊ पडदे असते, तरी ती फाडून बाहेर आली असती. फान उठला, लघवीचं निमित्त काढून सटकला आणि स्वयंपाकघराच्या बाजूनं पडद्यामागे शिरला.

खुर्चीत जरीचा झगा होता. झग्यात पेंढा होता. शेजारी तिपाईवर एक टकला म्हातारा शेवया ओढत बसला होता.

"हळू, पंतोजी," म्हातारा भरल्या तोंडानं म्हणाला. "मी दिंग. खोकणारा. कायम नाही, तात्पुरता."

"आणि मातोश्री?"

"बागेत. बांबूच्या मागं. सहा वर्षं झाली. भली बाई होती. त्यांच्या वाटच्या शेवया खाताना मला अजून वाईट वाटतं." त्यानं वाडगा चाटून पुसून स्वच्छ केला.

"तुम्ही नुसतं खोकता?"

"बोलायला वेगळा माणूस घेणार होते. मंजुरी आली नाही." दिंगनं तोंड पुसलं आणि तो लगबगीनं उठला. "निघतो आता. दुपारी शुए साहेबांच्या वडिलांचा खोकला आहे. त्यांचा जरा घोगरा लागतो."

फान रिकाम्या तिपाईवर बसला. "शुए साहेबांचे वडीलसुद्धा?"

"अहो, खजिना, सैन्य, कालवे, सगळीकडे मीच. कालवेवाल्यांच्या मातोश्रींना दमा दिलाय, तेवढाच बदल. मध्ये माझा घसा बसला, तर अर्ध्या दरबारानं माझ्याकडे वैद्य पाठवले. एवढी विचारपूस माझ्या पोरांनी कधी केली नाही."

फान विधी मंत्र्यांच्या घरी पोचला, तेव्हा शुए ओसरीतच येरझाऱ्या घालत होते.

"काय? मेली ना?"

"मेली, महाराज."

शुएंनी टाळी वाजवली. "साक्षीदार?"

"खोकणारा दिंग."

टाळी वाजवलेले हात तसेच राहिले. "तो... दुपारचा कुठे जातो, हे तू विचारलंस का?"

"विचारावं लागलं नाही."

तेवढ्यात आतल्या खोलीतून घोगरा, दणदणीत खोकला आला. दोघांनी तिकडे पाहिलं.

"वडील," शुए म्हणाले.

"हो. मघाशीच भेटलो," फान म्हणाला.

त्याच संध्याकाळी शुएंचा निरोप मिळताच महामंत्री पेई त्यांच्या घरी चहाला आले. आजवर या दोघांनी एकमेकांच्या घरचं पाणीही विषाच्या भीतीनं घेतलं नव्हतं. फानला कोपऱ्यात उभं केलं होतं.

"मला गावी धाडणार होतास काय रे?" पेई म्हणाले. "धाड की. तूही ये मागोमाग. शेजारी शेजारी झोपड्या बांधू. तू पेज कर, मी रडतो."

"चेष्टा नको. खजिना जाईल, सैन्य जाईल, कालवे जातील," शुए म्हणाले. "मग राज्य कोण चालवणार?"

"चालेल आपलं आपण," फान कोपऱ्यातून म्हणाला.

दोघं मोठ्यानं हसले. मग एकाएकी दोघंही गप्प झाले, कारण तसं खरंच झालं तर काय, हा विचार दोघांच्या मनात एकदमच आला.

"महाराज, खरं सांगून टाका," फान म्हणाला. "आई गेली म्हणावं आणि एकदा पोटभर रडून घ्या. बरं वाटतं."

पेईंनी चहाच्या पेल्यात पाहिलं. "वेळ कुठं आहे?" ते म्हणाले आणि त्यांनी पेला खाली ठेवला. "शुए, काहीतरी कायदेशीर काढ."

शुए कायदेशीर काढण्यात तरबेज होते. त्यांनी तिथल्या तिथे हुकमाचा मसुदा केला आणि वाचून दाखवला: यापुढे माणूस मेल्यावर मेला असं समजू नये. मृत्यूचा अर्ज विधी खात्यानं मंजूर केल्यावरच तो मेला असं समजावं. अर्ज मृताच्या मुलानं स्वतः केला पाहिजे.

"आणि एखाद्या मुलानं केलाच अर्ज तर?" पेईंनी विचारलं.

"स्वतःच्या आईच्या मरणाचा अर्ज? असल्या नालायक मुलाला शंभर फटके."

"वा!" पेई म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. "आई असती तर तिला किती आनंद झाला असता."

"महाराज," फान म्हणाला, "मी तपास लावला. माझा परवाना?"

"तुझ्या बायकोला मुलगा आहे?" शुएंनी विचारलं.

"नाही. आम्हाला मूल झालं नाही."

"म्हणजे अर्ज करणारा कुणी नाही. म्हणजे ती मेलेली नाही." शुएंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "अभिनंदन, फान. एवढ्याशा कामाबद्दल बायको परत मिळालेला तूच पहिला."

"पण मला तिला गावी न्यायचंय."

"मग ने की. जिवंत माणसाला परवाना लागत नाही."

दुसऱ्या दिवशी हुकमावर सम्राटांचा शिक्का उमटला. राज्यातून मरण हद्दपार झाल्याबद्दल राजधानीत फटाके वाजले. शवपेट्या करणाऱ्या सुतारांनी दुकानांवर कपाटांच्या पाट्या लावल्या. फाननं एक गाढवगाडी भाड्यानं घेतली, पेटी चढवली आणि दक्षिण दरवाजा गाठला.

"पेटीत कोण?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"बायको."

"जिवंत आहे का?"

"हुकमाप्रमाणे आहे."

"मग झाकण कशाला?"

"ऊन सोसत नाही तिला."

पहारेकऱ्यानं झाकणावर टकटक केलं. "वहिनी, नाव सांगा. प्रवाशानं नाव स्वतः सांगायचं असतं." तो कान लावून थांबला.

"ती परक्या पुरुषाशी बोलत नाही," फान म्हणाला. सूनियांगनं याच दरवाज्यात मुळ्याच्या भावावरून आख्ख्या पहाऱ्याला घाम फोडला होता. पण तेव्हा हा पहारेकरी नवीन होता, कुठेतरी मागे लपला असावा.

"चांगल्या घरची दिसते," पहारेकरी आडणा उचलत म्हणाला. "नाहीतर आमची. डबा घेऊन येते आणि सगळ्या रस्त्यादेखत ओरडते."

"ओरडू दे," फान म्हणाला.

"काय?"

"काही नाही. ओरडू दे तिला."

सूनियांगच्या गावचा मुखिया चिखलातून अनवाणी धावत आला. त्यानं पेटी पाहिली आणि डोळे पुसले. "आमची सून्या! एवढीशी होती, माझ्या झाडाची नासपती चोरायची." मग त्याला हुकूम आठवला. डोळे पुसायचे थांबवून तो म्हणाला, "पण जावई, पुरता यायचं नाही. जिवंत बाईला पुरणं म्हणजे खून. मला फाशी होईल. तुम्हाला दोनदा होईल."

"मला दोनदा का?"

"तुम्ही शिकलेले."

फान पेटीवर बसला. समोर टेकडीवर तिच्या आईचं थडगं दिसत होतं. इथवर येऊन तिला पडवीत परत न्यायची त्याची तयारी नव्हती. बदक शोधताना तो जसा आधी सगळी भोकं तपासायचा, तसा त्यानं हुकूम मनात पुन्हा वाचून काढला.

"मामा, गावात घर बांधायला बंदी आहे?"

"छे. बांधा की."

"जमिनीखाली?"

मुखियानं डोकं खाजवलं. "त्याबद्दल वरून काही आलेलं नाही."

मग दोघांनी मिळून टेकडीवर, आईच्या शेजारी, सूनियांगचं घर बांधलं. खोल, कोरडं, एका माणसापुरतं. त्याला दार नव्हतं. वर मातीचा उंचवटा केला आणि ते पाऊस गळू नये म्हणून केलेलं छप्पर आहे, असं मुखियानं सरकारी दप्तरात लिहिलं. घरपट्टी बसवली. खिडकी नसल्यामुळे थोडी सूट दिली.

फाननं शेजारी झोपडी घातली. तागाचे कपडे चढवले, चुलीवर पेज ठेवली आणि वसंतापासून अडलेलं रडू त्यानं मोकळं सोडलं.

दोन दिवसांत गाव गोळा झालं.

"पंतोजी, हे काय आरंभलंय?"

"सुतक पाळतोय."

"कुणाचं?"

"बायकोचं."

गाव पोट धरून हसलं. सगळ्या राज्यात कुणी मेलेलं नाही, महामंत्र्यांच्या मातोश्री एकशे सात वर्षांकडे निघाल्यात, आणि हा शहाणा जिवंत माणसाचं सुतक धरून बसलाय. तेही बायकोचं! बायकोसाठी कुणी रजासुद्धा देत नाही. शेजारच्या गावांतून लोक भाकरतुकडा बांधून बघायला येऊ लागले. येणाऱ्यांना सावलीत बसता यावं, म्हणून मुखियानं टेकडीवर बाकडी टाकली. फान रडला की एकमेकांना कोपरानं ढोसून ते हसत.

त्या गावाचं नाव सांगायची गरज नाही. इतका वेळ हसत हसत आपण इथवर आलात, म्हणजे वाट आपल्या पायाखालचीच आहे. बाकड्यावर जागा आहे. बसा.