सोपानकाकांचं अंदमान

आमचे शेजारी सोपानकाका बगळ्यांना विचारल्याशिवाय कुणालाही तळ्यात नेत नसत. काठावर उभं राहून, कपाळाला आडवा हात लावून ते समोरच्या टेकाडावरच्या बाभळी न्याहाळत. घरट्यात पक्षी बसलेला दिसला की लाल झेंडी वर. "लाइन क्लिअर न्हाई! वापस चला!" मग परभणीचे पाहुणेसुद्धा चहा पिऊन परत.

काका परतूरच्या स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. ते निवृत्त झाले, त्यांचे पाय मात्र झाले नाहीत. जेवतानाही भाकरीचा तुकडा हातात घेऊन अंगणात येरझाऱ्या. "बसा की घडीभर," असं सुमनकाकू म्हणाल्या की उत्तर यायचं, "सायडिंगला पडायला मी काय मालगाडी हाय का?"

या सगळ्या वणवणीचं मूळ अंदमानात होतं. निवृत्तीनंतर रेल्वेच्या पासावर दोघं मद्रासला गेले, तिथून बोटीनं अंदमान. सागरी उद्यानातल्या एका बेटावर मोजकीच माणसं सोडत, शिंपलासुद्धा उचलू देत नसत आणि काचेच्या तळाच्या नावेतून प्रवाळ दाखवत. काका हरखून गेले. काकूंना मात्र बोट इतकी लागली होती, की त्या लॉजच्या खोलीबाहेर पडल्याच नाहीत. "मी एकटाच जेवून आल्तो बघ," काका मला म्हणाले, "तिचं ताट तसंच राह्यलं."

आल्या आल्या त्यांनी आमच्या गावाबाहेरच्या तळ्यातलं टेकाड बेट म्हणून जाहीर केलं. पहिल्याच दिवशी वाटूरचे दोघं कोयते घेऊन हजर. आमच्याकडं बेट म्हणजे बांबूचं! काकांनी त्यांना तासभर भूगोल शिकवला.

ट्रॅक्टरच्या ट्यूबांवर फळ्या बांधून तराफा झाला. नियम अंदमानचेच. मोजकी माणसं, टेप बंद, पुड्या काठावर जमा, येताना काडीसुद्धा आणायची नाही. एका पुढाऱ्याला तिथं भोंगा लावून वाढदिवस करायचा होता. काका म्हणाले, "भोंग्यानं अंडी उबत न्हाईत साहेब, फुटत्यात."

तराफ्यावर एक खुर्ची पक्की ठोकलेली होती. तिच्यावर कुणी टेकलं तरी काका खेकसत, कारण ती काकूंची होती. दर वर्षी ते तिला काहीतरी नवं जोडत. आधी हात, मग पट्टा, मग छत्री. काकूंचं उत्तर ठरलेलं, "सोन्याची करा, मी पाण्यात येणार न्हाई."

आणि एका वर्षी पाऊसच रुसला. होळीच्या आतच तळं आटलं, तराफा वाळल्या चिखलात रुतला. "काका, बेट पळालं का?" लोक चिडवत. काका झेंड्या बगलेत मारून दिवसभर तळ्याच्या चकरा मारत. "तिचे गुडघे चालले रे," एकदा ते मला म्हणाले. "पुढं पाणी आलं तरी ती काय येती?"

एका संध्याकाळी काकू स्वतःच चपला घालून दारात उभ्या राहिल्या. "आता पाणी न्हाई ना? मंग चला. दाखवा तुमचं अंदमान."

"बिगरपाण्याचं कसलं बेट? नुसतं टेकाड हाय ते!"

"मला चालंल."

काकूंना आधार द्यायला मीही गेलो. काठावर काकांनी सवयीनं घरटी पाहिली. सगळी रिकामी होती. हिरवी झेंडी उघडली, पण त्यांचं पाऊल पुढं पडेना. समोरच्या भेगांकडं पाहताना त्यांचा चेहरा इतका उतरला, की मला पुढं बघवेना.

काकूंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं. मग कोरड्या ठणठणीत तळ्यात उतरताना त्यांनी लुगडं घोट्याच्या वर उचललं आणि विचारलं, "अवो, लई खोल न्हाई ना?"

काकांनी झेंडी माझ्या हातात दिली. "न्हाई," ते म्हणाले. "घोट्याइतकंच हाय. हात धर."

मी काकूंचा हात सोडला आणि काठावरच थांबलो. दोघं जपून, पाणी कापल्यासारखे, टेकाडावर पोचले आणि बाभळीखाली टेकले. दिवस मावळला तरी काका काही उठले नाहीत.