एका तालाचे कदम सर

कदम सरांच्या हॉलमध्ये एकाच लाकडी फळीला लंबकाची दोन घड्याळं टांगलेली होती आणि त्यांतलं एकही बरोबर वेळ दाखवत नसे.

"वेळ बघायला मनगटावर हाय की," सर म्हणायचे. "ही फळीतनं एकमेकांशी बोलत्यात. थांबा जरा, चालीला चाल लागंल." तोवर पाहुण्याला चहा मिळत नसे.

सर मूळचे मेढ्याकडचे. मी सांगलीच्या ज्या कॉलेजात शिकवत होते, तिथेच ते फिजिक्स शिकवायचे. एकमेकांना जोडलेल्या, आपापल्या तालात हलणाऱ्या गोष्टींना एका तालात कसं आणायचं, हा त्यांचा संशोधनाचा विषय. तो प्रयोगशाळेत मावत नसे. भाषण कसंही असो, सर पहिल्या रांगेत बसत. शेवटी टाळ्या एका ठेक्यात आल्या की डोळे मिटून घेत. वक्ता खूश होऊन घरी जाई.

एका वर्षी स्नेहसंमेलनात मुलींचं मोठं लेझीम पथक होतं. ताल काही केल्या जुळेना. खेळाच्या पवार सरांचा ओरडून घसा बसला आणि त्यांनी कार्यक्रमच रद्द करायचं ठरवलं. मुली रडवेल्या झाल्या. मैदानाच्या कडेला उभे राहून नुसतं बघत असलेले कदम सर तेव्हा पुढे आले.

"पवार, समद्यांना कशाला दामटताय? निम्मं पथक चोरून त्या उंच पोरीकडं बघतंय. आन् ती बघतीय स्वतःच्या पायाकडं. तेवढीला हलगीजवळ उभी करा."

"तिलाच तर सगळ्यात कमी येतं."

"मग तिला शिकवा. एकीला शिकवणं सोपं का समद्यांना?"

पवारांनी मनाविरुद्ध शिकवलं. संमेलनात ते लेझीम असं वाजलं, की मंडपातली माणसं उठून उभी राहिली.

पुढे सरांच्या पत्नीला, सुमनवहिनींना, अर्धांगवायू झाला. बऱ्याच महिन्यांनी त्या चालू लागल्या, तेव्हा सर रोज संध्याकाळी त्यांना कृष्णेच्या घाटावर घेऊन जात. एकदा मला ती दोघं पाठमोरी दिसली. वहिनींचा उजवा पाय फरफटत पुढे यायचा, मग त्या थांबायच्या. शेजारी सरांचा धडधाकट पायही तसाच फरफटत होता. येणारेजाणारे वळून बघत होते.

"सर, पायाला काय झालं?" मी गाठून विचारलं.

"काय न्हाई, मॅडम. सरळ चाललो की मी पुढं जातोय. मग ही घाई करती आन् पडती."

"लोक हसत्यात म्हणून सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "ऐकत न्हाईत."

सर वहिनींच्या पावलाची वाट बघत उभे राहिले. मला घरी जायची घाई होती, तरी मी घाट संपेपर्यंत त्यांच्या मागे तितकीच सावकाश चालत राहिले.