कडक इस्त्रीची गरिबी

न्याय सर्वांना सारखाच मिळतो. त्यासाठी फक्त तोंड उघडावं लागतं, आणि ते वकिलाचं असावं लागतं, एवढीच काय ती अट.

चौकातल्या इस्त्रीवाल्यावर गुन्हा दाखल झाला तो फुटपाथवर गाडी लावून रहदारीला अडथळा आणल्याचा. (रहदारी दिवसाला एकूण सत्तावन्न माणसं, पैकी बावन्न त्याच्याकडेच कपडे टाकायला येणारी.) गाडी लावायचा परवाना त्याच्याकडे होता. परवाना गाडीच्या खणात होता. गाडी पुरावा म्हणून जप्त होऊन सील झाली होती. सील काढायला अर्ज लागतो आणि तो वकिलामार्फतच करायचा असतो. व्यवस्था म्हणतात ती हीच, कुठे फट म्हणून नाही.

गाडीत बेचाळीस घरांचे कपडेही अडकले होते. ती बेचाळीस घरं रोज दारात येत. "माझी मुलाखतीची पँट रे!" एकाने तर रडायचंच बाकी ठेवलं होतं.

गुन्हा कबूल केला तर किरकोळ दंड, आणि गाडी कपड्यांसकट त्याच दिवशी परत. मात्र शिक्षा झालेल्याला पुढे परवाना नाही. म्हणजे एक 'हो' म्हटलं की वीस वर्षांचा धंदा बुडाला. आणि 'नाही' म्हणायला वकील हवा, घरात तर फुटकी कवडी नव्हती.

"अहो, गरिबांना फुकट वकील देतात म्हणे," बायको म्हणाली. "विचारून तर या."

देतात ना! सरकार काही दगड नाही. समितीपुढे उभं राहून आपण गरीब आहोत हे दाखवायचं, की झालं.

आता कचेरीत जायचं म्हणजे माणसाने नीटनेटकं जावं. त्याने आपला एकुलता एक बरा सदरा घरच्या जुन्या इस्त्रीखाली घेतला. गाडी जाऊन सतरा दिवस झालेले, हात नुसते शिवशिवत होते. पाणी मारलं, कॉलर दाबली, बाहीची घडी अशी बसवली की तिच्यावर काकडी चिरावी.

"नवरदेव दिसताय," बायको म्हणाली. बिचारीला बऱ्याच दिवसांनी हसू आलं होतं.

समितीच्या साहेबांनी अर्ज वाचला नाही, सदरा वाचला. शेरा मारला: अर्जदार सुस्थितीत.

"साहेब, इस्त्री मीच केलीय."

"म्हणजे घरी नोकर नाही, एवढंच सिद्ध होतं."

दुसऱ्या खेपेला तो शहाणा झाला. सदरा चार दिवस उशीखाली ठेवला. स्वतःच्या हाताने कापड चुरगाळताना त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. पण गरिबी एकमताने मंजूर झाली. वकील नेमला गेला. फायलीत ओळखीची खूण लिहिली गेली: चुरगळलेला सदरा.

तारखेला तो तसाच कोर्टात गेला. शिपायाने दारातच अडवलं. "कोर्टाचा काही मान आहे की नाही? जा, इस्त्री करून ये!" तो धावत घरी गेला, इस्त्री फिरवून धावत परत आला. फुकटच्या वकिलांनी चुरगळलेला माणूस जेवणाच्या सुट्टीपर्यंत प्रामाणिकपणे शोधला, आणि 'अशील गैरहजर' असं लिहून ते निघून गेले. (या वर्षी या पद्धतीने निकाली निघालेली प्रकरणं: तीनशे अकरा. वाढ समाधानकारक.)

"गुन्हा कबूल?" न्यायाधीशांनी विचारलं. "नसेल तर पुढची तारीख पाच महिन्यांनी."

पाच महिने! त्याला ती पँट आठवली. लोकांचे कपडे किती दिवस अडकवून ठेवायचे? अब्रूचा प्रश्न होता.

"कबूल," तो म्हणाला.

संध्याकाळी त्याने घरोघर जाऊन कपडे पोचवले, उशिराबद्दल माफीही मागितली. वाचकहो, आपला शर्टही त्यात होता.

ज्या तक्रारअर्जावरून गुन्हा दाखल झाला, त्यावर त्याच बेचाळीस घरांच्या बेचाळीस सह्या आहेत. सातवी आपली. आठवत नसेल, साहजिक आहे, कागद दारावर आला तेव्हा आपण घाईत होता आणि "कुठे करू?" एवढंच विचारलंत. फुटपाथ आता अगदी मोकळा आहे. कॉलर हल्ली नीट बसत नाही म्हणता, ते मात्र कोणाला सांगावं कळत नाही. एक तक्रारअर्ज करून बघा.