दगडावरचा सौदा

"दाजी, जमिनीवर पाय ठेवला की तुम्ही मुके आहात असं समजा," मेहुण्याने बसमधून उतरता उतरता पुन्हा बजावलं. "व्यवहारात जो आधी बोलतो, त्याचा भाव पडतो."

"आणि चुकून बोललो तर?"

"तर घरी बसून ताईचे केस कापा."

दाजींचं सलून होतं, आणि खुर्चीत गिऱ्हाईक बसलं की त्यांची कात्री आणि जीभ एकदमच सुरू व्हायची. पण सलूनची जागा भाड्याची, आणि मालक आता ती विकायला निघालेला. बारा लाख आणा, नाहीतर खुर्च्या उचला, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. वर्षानुवर्षं एकाच आरशासमोर उभा राहिलेला माणूस दुसरीकडे जाणार कुठे? म्हणून वडिलांची पडीक जमीन विकायला काढली होती.

जमिनीत गुडघाभर गवत माजलं होतं. मधोमध एक सपाट दगड आणि शेजारी गंजलेला बोर्ड: 'सावधान! साप आहेत.' घेणारा रोपवाटिकावाला त्या बोर्डापाशीच उभा होता.

"हे काय?" त्याने विचारलं.

दाजींना राहवलं नाही. "अहो, ते खोटं! लोकांनी गुरं घालू नयेत म्हणून वडिलांनी लावलं होतं. साप इथे औषधालासुद्धा सापडायचा नाही!"

मेहुण्याने कपाळाला हात लावला. दाजी ओशाळून दगडावर बसले.

"मग ठीक. सात लाख देतो," रोपवाटिकावाला म्हणाला.

दाजींनी गयावया करायला तोंड उघडलं, आणि दगडाखालून काहीतरी गार त्यांच्या घोट्याला घासून गेलं. त्यांनी हळूच खाली पाहिलं. मनगटाएवढा साप त्यांच्या दोन चपलांच्या मधे ऐसपैस वेटोळं घालत होता. गवतामुळे तो इतर कोणाला दिसत नव्हता.

दाजींचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"सात कमी वाटतात? बरं, आठ."

दाजी ढिम्म.

"इथे पाणी नाही, रस्ता लांब. नऊ घ्या."

दाजींच्या नाकावरून घाम ओघळला. पुसायला हात उचलायची छाती होत नव्हती. रोपवाटिकावाल्याच्या मागे उभा राहून मेहुणा 'शाब्बास' अशा खुणा करत होता.

"दहा!"

सापाने डोकं वर काढलं. दाजींनी डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात बायकोची माफी मागितली.

"डोळे काय मिटता? एवढं कोण देणार आहे तुम्हाला?"

"दाजी व्यवहाराला फार कडक आहेत," मेहुणा म्हणाला.

"कडक कसले, दगड आहेत दगड! बारा. याच्यावर एक पैसा नाही."

सापाची शेपटी दाजींच्या अंगठ्यावरून फिरली. त्यांच्या तोंडून बारीकसं "हं" निघालं.

"झालं! पक्कं!" रोपवाटिकावाला हात पुढे करून जवळ आला. त्याच्या पावलांनी साप सर्रकन दगडाखाली गेला. दाजी पाय पोटाशी घेऊन दगडावर उकिडवे बसले आणि त्यांना एकदाचा कंठ फुटला. "साप! साप!"

दोघंही पोट धरून हसले. रोपवाटिकावाला म्हणाला, "पस्तावलात होय? आता घाबरवून सुटका नाही. औषधालासुद्धा नाही, असं तुम्हीच म्हणालात."

"आईशपथ आहे हो! या दगडाखालीच आहे!" दाजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

ते पाहून रोपवाटिकावाला विरघळला. त्याने मेहुण्याला बाजूला घेतलं. "वडिलांची जमीन आहे, जड जाणारच. बसू दे त्यांना जरा एकटं."

"एकटं नको! मला उचला!"

"अगदी असेच माझे काका रडले होते," रोपवाटिकावाला गहिवरून म्हणाला. मेहुण्यानेही डोळ्यांना रुमाल लावला, आणि दोघं पावलांचा आवाज न करता रस्त्याकडे निघून गेले.

सलून आता दाजींचंच होतं. तिथवर पोचायचं तेवढं बाकी होतं. दगडाखाली पुन्हा सळसळ झाली. सलूनमधल्या इतक्या वर्षांच्या सवयीने दाजींच्या तोंडून आपोआप निघालं, "बसा, बसा! सावकाश होऊ द्या. उकाडा फार वाढलाय, नाही?"